इस्ट्रोजेन भरपूर, तरी हाडं विरळ: २८ वर्षांच्या एका पुरुषाची केस

१९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक केस छापून आली, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे एरिक स्मिथ आणि त्यांच्या टीमची. पेशंट एकच. पण हाड कसं तयार होतं, पुरुषाचं असो की बाईचं, याबद्दल तोपर्यंत जे शिकवलं जायचं त्यातला मोठा भाग या एका पेशंटमुळे बदलावा लागला. स्टेम सेलपासून, म्हणजे जिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनतात त्या मूळ पेशीपासून, हाड बनताना इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हे हॉर्मोन पकडून पेशीला त्याचा निरोप देणारं प्रथिन, नक्की काय करतो हे समजून घ्यायचं असेल तर मला तरी हीच केस सगळ्यात चांगली वाटते, कारण यात रिसेप्टर सोडून बाकी जवळपास सगळं जागेवर होतं.

आता पेशंटबद्दल. वय २८, पुरुष, उंची २०४ सेंटीमीटर म्हणजे सहा फूट आठ इंच. दोन्ही गुडघे आत वळत चालले होते. दाढीमिशा, आवाज, जननेंद्रियांची वाढ सगळं नॉर्मल पुरुषासारखं, वयात येणंही वेळेवर झालेलं. फक्त एक गोष्ट विचित्र होती, की वयात आल्यावर दोन-चार वर्षांत जी उंची थांबायला हवी ती थांबलीच नव्हती, विशीतही हळूहळू वाढतच राहिली होती. एक्स-रे काढला तर हाडांचं वय निघालं १५ वर्षं. म्हणजे माणूस २८ चा आणि हाडं दहावीतल्या पोराची, लांब हाडांच्या टोकाला कूर्चेची जी पट्टी असते, ग्रोथ प्लेट म्हणतात ती, अजून पूर्ण बंद झालेली नव्हती.

दोन्ही काखांमध्ये त्वचा काळी, जाडसर झालेली होती. आपल्याकडे मुलांच्या मानेवर असं दिसलं की मळ समजून आई दगडाने घासते, पण तो मळ नसतो, बऱ्याचदा इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असते, आणि याच्या तपासणीत तेच निघालं, इन्सुलिन वाढलेलं आणि साखर पचवण्याची ताकद कमी झालेली. हा धागा मी इथेच सोडतो, आपला विषय हाडं आहे.

कमरेच्या मणक्यांची घनता मोजली तर ०.७४५ ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर. त्याच वयाच्या निरोगी बायकांच्या सरासरीशी तुलना केली तर ३.१ स्टँडर्ड डेव्हिएशनने (सरासरीपासूनच्या फरकाचं माप) खाली. इथे जरा थांबा, कारण आकडा दिसतो त्याहून वाईट आहे. डेक्सासारखं मशीन घनता क्षेत्रफळावर मोजतं, खोली मोजत नाही, त्यामुळे मोठ्या हाडांच्या माणसाची घनता उलट जास्त दिसायला हवी. हा माणूस सहा फूट आठ इंच, आणि तरीही आकडा इतका खाली. रक्तातल्या खुणा सांगत होत्या की हाडाची उलाढाल जोरात चालू आहे, म्हणजे जुनं हाड खाल्लं जाणंही वाढलेलं आणि नवीन भरलं जाणंही वाढलेलं, पण हिशोब तोट्यात. ही उलाढालीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग हॉर्मोन तपासले. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. आणि इस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्राडायोल आणि इस्ट्रोन दोन्ही, वाढलेले! मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जी एलएच आणि एफएसएच ही हॉर्मोनं सोडते तीही वाढलेली. हे जोडून बघितलं की चित्र दिसायला लागतं, कारण नॉर्मल शरीरात इस्ट्रोजेन वाढलं की पिट्युटरीला निरोप जातो की पुरे, आता कमी सोड. इथे इस्ट्रोजेन वाढलंय आणि पिट्युटरीला पत्ताच नाही. मनिऑर्डर दारात आलीय पण सही करून घ्यायला घरात कुणी नाही, असा प्रकार.

टीमने खात्री करायला सरळ मार्ग घेतला, त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेनचे पॅच त्याला सहा महिने दिले. रक्तातलं मोकळं इस्ट्राडायोल दहापट वाढलं. आणि परिणाम? काहीच नाही. पिट्युटरीने दाद दिली नाही, हाडांनी दिली नाही. दहापट डोस देऊनही शरीर ढिम्म असेल तर दोष हॉर्मोनचा नाही, ते पकडणाऱ्या रिसेप्टरचा, हे मग उघडच होतं.

जीन तपासला. इस्ट्रोजेन रिसेप्टर हे ५९५ अमिनो आम्लांचं प्रथिन. याच्या जीनच्या दुसऱ्या एक्झॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यात, १५७ व्या कोडॉनला, म्हणजे एका अमिनो आम्लाचा कोड असलेल्या तीन अक्षरांच्या गटात, एक अक्षर बदललेलं निघालं, सायटोसिनच्या जागी थायमिन. त्या एका अक्षराने तिथे 'थांबा' असा कोड तयार झाला, म्हणजे ५९५ पैकी जेमतेम १५६ अमिनो आम्लं जोडून झाली की प्रथिन बनणंच बंद. डीएनएला चिकटणारा भाग आणि हॉर्मोन पकडणारा भाग दोन्ही त्याच्या पुढे असतात, ते बनलेच नाहीत. आणि जीनच्या दोन्ही प्रतींमध्ये हाच दोष. आई आणि वडील दोघेही कॅरिअर, एक प्रत चांगली एक बिघडलेली, आणि घराण्याची वंशावळ काढली तर नात्यातलं लग्न निघालं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजूनही काही भागांत सर्रास होतं, म्हणून हे सांगणं मला गरजेचं वाटतं, एरवी पिढ्यान्पिढ्या गुपचूप राहणारा दोष दोन्ही बाजूंनी येऊन एकत्र पडतो तो असा.

आता ही केस एवढी गाजली का? एक कारण असं की असा माणूस जिवंत असू शकतो हेच लोकांना मान्य नव्हतं. रिसेप्टर पूर्ण बिघडला तर गर्भच टिकणार नाही असं धरलेलं होतं. १९९३ मध्ये डेनिस लुबान, केनेथ कोरॅक, ऑलिव्हर स्मिथीज वगैरेंनी हा जीन बिघडवलेले उंदीर तयार केले आणि ते जगले, तेव्हा त्या समजाला पहिला धक्का बसला. लुबान आणि कोरॅक या पेशंटच्या पेपरमध्येही आहेत, म्हणजे उंदरांवर काम करणारे आणि पेशंट बघणारे एकत्र आले म्हणून हे निदान झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नुसता डॉक्टर असता तर जीनपर्यंत पोचला नसता आणि नुसत्या लॅबला हा माणूस दिसलाच नसता. शिवाय उंदराच्या ग्रोथ प्लेट मोठेपणीही माणसासारख्या पूर्ण बंद होत नाहीत, त्यामुळे उंची न थांबण्याची गोष्ट उंदीर कितीही पाळले तरी इतकी ठळक दिसली नसती.

दुसरं कारण जास्त खोल आहे. १९४१ च्या सुमारास बॉस्टनच्या फुलर अल्ब्राइटनी पाळी गेल्यावर होणारा हाडांचा ठिसूळपणा इस्ट्रोजेनच्या कमतरतेशी जोडला, आणि तेव्हापासून डोक्यात बसलेली मांडणी अशी की बाईच्या हाडांचं इस्ट्रोजेन बघतं आणि पुरुषाच्या हाडांचं टेस्टोस्टेरॉन. ऐकायला अगदी सरळ. पण या माणसाकडे टेस्टोस्टेरॉन पुरेसं होतं, टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टरही चालू होता, त्याशिवाय दाढीमिशा आल्याच नसत्या. तरी हाडं विरळ आणि ग्रोथ प्लेट उघड्या. म्हणजे पुरुषाच्या शरीरातही उंची थांबवायची आणि हाड भरीव करायचं हे काम मोठ्या प्रमाणात इस्ट्रोजेनचं, फक्त ते तयार होतं टेस्टोस्टेरॉनपासूनच, अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे.

एका केसवरून एवढं बोलायचं का असं कुणी विचारेल आणि ते विचारायलाच हवं. म्हणून शेजारी दोन गट ठेवून बघा. एक गट अरोमाटेज नसलेल्या पुरुषांचा. १९९५ मध्ये न्यूयॉर्कहून एका भावाबहिणीची केस आली, त्यातला भाऊ २४ वर्षांचा आणि योगायोग बघा, उंची तीच, २०४ सेंटीमीटर, ग्रोथ प्लेट उघड्या, हाडं विरळ. १९९७ मध्ये इटलीतून कारानी आणि सहकाऱ्यांनी अशाच एका पुरुषाची केस दिली. त्याला आधी टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलं, हाडांवर उपयोग शून्य, मग इस्ट्रोजेन दिलं तर काही महिन्यांत ग्रोथ प्लेट बंद झाल्या आणि घनता वाढली. न्यूयॉर्कच्या तरुणालाही पुढे इस्ट्रोजेन दिल्यावर हाडं भरली. यांच्याकडे रिसेप्टर होता आणि हॉर्मोन नव्हतं, म्हणून बाहेरून दिलेलं हॉर्मोन लागू पडलं. आपल्या पेशंटचं बरोबर उलटं, म्हणून दहापट देऊनही काही नाही.

दुसरा गट अशा व्यक्तींचा ज्यांचे क्रोमोसोम एक्स-वाय असतात पण टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टर पूर्ण निकामी असतो. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होत राहतं आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर शाबूत असतो, शरीर बाईसारखं वाढतं, आणि त्यांच्या ग्रोथ प्लेट व्यवस्थित बंद होतात. हाडांची घनता त्यांच्यात थोडी कमी सापडते, तेव्हा टेस्टोस्टेरॉनचा काहीच वाटा नाही असं म्हणता येणार नाही. पण हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवले की उंची थांबवणारा दरवाजा कुणाच्या हातात आहे याबद्दल शंका राहत नाही.

अजून एक गोष्ट १९९४ मध्ये कुणालाच माहीत नव्हती. १९९६ मध्ये स्वीडनमध्ये कायपर, गुस्ताफसन आणि मंडळींना उंदराच्या प्रोस्टेटमध्ये दुसराच एक इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडला. मग आधीच्याला अल्फा म्हणायला लागले आणि नवीनला बीटा. अल्फाचा जीन माणसाच्या ६ व्या क्रोमोसोमवर, बीटाचा १४ व्या. म्हणजे आपल्या पेशंटचा बीटा बिघडल्याचं काही कारणच नव्हतं. केस छापली तेव्हा 'रिसेप्टर नाही' असं वाटत होतं, खरं तर 'अल्फा नाही, बीटा आहे' अशी ती केस होती, आणि बीटा एकटा असून हाड सांभाळू शकला नाही. माझ्या मते केसचं सगळ्यात मोठं मोल यातच आहे आणि ते दोन वर्षं उशिरा कळलं.

आता स्टेम सेलकडे येतो, कारण वरची सगळी गोष्ट 'काय झालं' याची आहे, 'कुठे आणि कसं झालं' हे त्यात नाही.

बोन मॅरोमध्ये रक्त बनवणाऱ्या पेशी असतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या जोडीला तिथे आधार देणाऱ्या पेशींची एक वेगळी जात असते, त्यातल्या काही पेशी हाड तयार करू शकतात हे सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत दाखवलं. यांनाच पुढे मेझेनकायमल स्टेम सेल नाव मिळालं. या पेशीसमोर मुख्य वाटा तीन: हाड बनवणारी ऑस्टिओब्लास्ट, कूर्चा बनवणारी पेशी, किंवा चरबीची पेशी. रंक्स-२ नावाचं प्रथिन चालू झालं की पेशी हाडाच्या वाटेला लागते, नंतर ऑस्टेरिक्स हे दुसरं प्रथिन लागतं, दोन्हीपैकी एक नसलं तरी ऑस्टिओब्लास्ट तयारच होत नाही. पीपार गॅमा हे प्रथिन जोरात असलं की पेशी चरबीकडे वळते.

इस्ट्रोजेन रिसेप्टर या फाट्यावर असतो का? १९८८ पर्यंत बऱ्याच लोकांना वाटायचं की इस्ट्रोजेन हाडावर थेट काम करतच नाही, दुसऱ्या कुठल्या हॉर्मोनमार्फत करत असेल. त्या वर्षी सायन्समध्ये एकदम दोन पेपर आले की ऑस्टिओब्लास्टसारख्या पेशींमध्ये हा रिसेप्टर आहे. मग २००२ मध्ये जपानी टीमने उंदराच्या मॅरोतल्या आधार-पेशींमध्ये अल्फा किंवा बीटा मुद्दाम वाढवून बघितलं, त्यावर इस्ट्रोजेन टाकलं की पेशी हाडाच्या दिशेने जास्त गेल्या आणि चरबीच्या दिशेने कमी. हे प्रत्यक्षाशीही जुळतं, पाळी गेल्यावर बायकांच्या मॅरोमध्ये चरबी वाढते आणि इस्ट्रोजेनचे उपचार दिले तर ती वाढ रोखली जाते.

इथवर आल्यावर सरळ निष्कर्ष काढावासा वाटतो की रिसेप्टर गेला, स्टेम सेल हाडाऐवजी चरबीकडे वळल्या, म्हणून हाड कमी. बऱ्याच ठिकाणी असंच लिहिलेलं असतं. पण मला हे पटत नाही, कारण आपल्या पेशंटची उलाढाल आठवा, त्याच्या शरीरात हाड भरण्याचं काम कमी झालेलं नव्हतं, वाढलेलं होतं! नुसती ऑस्टिओब्लास्टची भरती कमी पडली असती तर तसं दिसलं नसतं. पाळी गेल्यावर बायकांमध्येही पहिली काही वर्षं हेच दिसतं, दोन्ही बाजू वाढतात, पण खाणारी बाजू पुढे निघून जाते.

याचं कारण असं की तीच स्टेम सेलची वंशावळ हाड खाणाऱ्या पेशींवरही ताबा ठेवते. ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणारी पेशी, येते रक्ताच्या बाजूने, पण तिला तयार हो म्हणून सांगणारा रँकल नावाचा इशारा येतो ऑस्टिओब्लास्टच्या घराण्यातून, आणि तो इशारा अडवणारं ओपीजी हे प्रथिनही तिथूनच येतं. इस्ट्रोजेन असताना ओपीजी वाढतं आणि रँकल आवरलेलं राहतं. शिवाय ऑस्टिओक्लास्टमध्ये स्वतःचाही अल्फा रिसेप्टर असतो, तो चालू असेल तर ती पेशी वेळेत मरते, हे २००७ मध्ये जपानच्या शिगेआकी काटो यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं, आणि तो काढला की मादी उंदरांच्या हाडातला जाळीदार भाग विरळ होतो. नरांमध्ये तसं झालं नाही. म्हणजे रिसेप्टर एक पण जागा अनेक, आणि पेशंटमध्ये तो सगळ्याच जागांवरून एकदम गेलेला, त्यामुळे कुठल्या जागेचं किती नुकसान हे त्याच्याकडे बघून वेगळं काढता येणारच नव्हतं. माणसात ते शक्यही नाही. उंदीर लागतात ते इथे.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉकहून मारिया अल्मेइडा, स्टॅव्ह्रोस मॅनोलागास आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. त्यांनी अल्फाचा जीन वेगवेगळ्या टप्प्यांवर काढला. काही उंदरांमध्ये अगदी सुरुवातीच्या, हातापायाच्या मेझेनकायमल पेशींमधून, काहींमध्ये ऑस्टेरिक्स चालू झाल्यावर म्हणजे पेशी हाडाच्या वाटेला लागली आहे पण अजून तयार नाही अशा टप्प्याला, आणि काहींमध्ये कोलॅजेन बनवायला लागलेल्या, तयार झालेल्या ऑस्टिओब्लास्टमधून. पहिल्या दोन गटांत हाडाचा बाहेरचा घट्ट थर पातळ राहिला. तिसऱ्या गटात काहीही फरक नाही!

हे वाचून मी बराच वेळ त्यावरच विचार करत होतो. हाड प्रत्यक्ष घालणाऱ्या तयार पेशीला रिसेप्टर नसला तरी चालतंय, पण तिच्या लहानपणी तो हवाच. म्हणजे रिसेप्टर हाड बनवत नाही, हाड बनवणारी पेशी पुरेशा संख्येने आणि वेळेवर तयार होईल हे तो बघतो, विशेषतः हाडाच्या बाहेरच्या आवरणाखाली, जिथून हाड जाडीला वाढतं. आणि त्याच पेपरमध्ये दुसरी गोष्ट अशी की हे काम करायला अल्फाला इस्ट्रोजेन लागतच नाही, हॉर्मोन न पकडताही तो विंट नावाच्या सिग्नलला जोर देतो आणि विंट पेशींना हाडाकडे ढकलतो. याउलट त्याच सुरुवातीच्या पेशींमधला अल्फा हाडाच्या आतल्या बाजूची झीज थांबवतो ते मात्र इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून.

सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही. त्याच सुमारास फिनलंडमधल्या एका गटाने आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने ऑस्टिओकॅल्सिन हे हाडातलं प्रथिन बनवणाऱ्या, म्हणजे चांगल्याच पिकलेल्या पेशींमधून अल्फा काढला, तर मादी उंदरांची हाडं कमी झाली. म्हणजे उशिराच्या टप्प्यालाही त्याचं काम आहे, निदान माद्यांमध्ये. जीन काढायची पद्धत वेगळी, उंदरांची जात आणि वय वेगळं, कुठलं हाड मोजलं ते वेगळं, यामुळे निकाल वेगळे येतात. माझं मत विचाराल तर सुरुवातीच्या पेशींचं महत्त्व यातून कमी होत नाही, पण तयार पेशीत रिसेप्टर बिनकामाचा असं जे सरसकट बोललं जातं ते बोलू नये.

आता हे घेऊन परत १९९४ च्या पेशंटकडे बघा, केस वेगळीच दिसायला लागते. अरोमाटेज नसलेल्या पुरुषांमध्ये अल्फा होता, हॉर्मोन नव्हतं, म्हणजे बिनहॉर्मोनचं जे काम अल्फा करतो ते तरी त्यांच्यात चालू असणार. आपल्या पेशंटमध्ये दोन्ही प्रकारची कामं बंद. हा फरक माणसात मोजायला दोन-तीन केस पुरत नाहीत हे मान्य, पण पुढे असे पेशंट सापडले तर नुसती घनता मोजून थांबू नये, हाडाची जाडी, बाहेरचा थर, आतला थर वेगळे मोजावेत, कारण फरक असला तर तो तिथेच दिसेल.

आणि उंची का थांबली नाही? इथेही स्टेम सेलच आहेत, फक्त दुसऱ्या जागी. ग्रोथ प्लेटच्या वरच्या टोकाला एक शांत पेशींचा थर असतो, तिथून नव्या कूर्चापेशी निघतात, त्या वाढतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड येतं. त्या शांत थरात खरोखरच स्टेम सेल असतात हे उंदरांमध्ये २०१८ आणि २०१९ मध्ये नेचरमध्ये आलेल्या कामांनी दाखवलं. त्याआधी २००१ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं होतं की इस्ट्रोजेन ग्रोथ प्लेट थेट 'बंद' करत नाही, तिच्यातल्या पेशींची वाटून वाढायची क्षमता लवकर संपवतं, आणि क्षमता संपली की प्लेट आपोआप हाडाने भरते. आपल्या पेशंटमध्ये तो निरोप पोचलाच नाही, त्यामुळे पेशींचा साठा हळूहळू वापरला जात राहिला आणि माणूस २८ व्या वर्षीही वाढत होता. मुली मुलांपेक्षा आधी वयात येतात आणि त्यांची उंची आधी थांबते, त्यामागे हेच आहे.

बाईमध्ये अल्फा बिघडला तर? ही केस यायला २०१३ उजाडलं, तीही अमेरिकेतली. १८ वर्षांची मुलगी, स्तनांची वाढ नाही, पाळी नाही, अंडाशयात मोठाल्या गाठी, रक्तात इस्ट्रोजेन प्रचंड, हाडांचं वय मागे. तिचा रिसेप्टर पूर्ण गायब नव्हता, एका अमिनो आम्लाच्या बदलाने बधिर झाला होता, लॅबमध्ये फार मोठा डोस दिला तर थोडं ऐकायचा. मुलगा असता तर कदाचित उंच आहे म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघितलंही नसतं, हे मला लिहावंसं वाटतं, कारण पुरुषाच्या बाबतीत इस्ट्रोजेनचा विचार करायची सवय डॉक्टरांनाही नव्हती.

आपल्या घरात याचा उपयोग काय, हा प्रश्न येणारच. स्तनाच्या कॅन्सरनंतर पाळी गेलेल्या बऱ्याच बायकांना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असतं. ही औषधं अरोमाटेज बंद करतात, म्हणजे वरच्या इटलीच्या पेशंटची स्थिती औषधाने आणतात, हॉर्मोन जातं आणि रिसेप्टर रिकामा राहतो. कॅन्सरसाठी ते गरजेचं आहे, गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. पण घरात आई, काकू, मावशी कुणी ही गोळी घेत असेल तर डेक्सा स्कॅन झालाय का, व्हिटॅमिन डी तपासलंय का आणि हाडांसाठी वेगळं औषध लागणार आहे का हे त्यांच्या डॉक्टरना पुढच्या व्हिजिटला विचाराच, कारण कंबर दुखते म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या गिळत राहिल्याने ही झीज थांबत नाही.

दुसऱ्या बाजूने रॅलॉक्सिफेनसारखी औषधं आहेत, अमेरिकेत १९९७ पासून हाडांसाठी मंजूर. ती त्याच रिसेप्टरवर बसतात पण हाडात इस्ट्रोजेनसारखी वागतात आणि स्तनात इस्ट्रोजेनच्या विरुद्ध. आपल्या लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली सहेली गोळी, आता सरकारी दवाखान्यात छाया नावाने मिळते ती, याच घराण्यातली, फक्त ती गर्भनिरोधक म्हणून वापरतात. पुढचा प्रयत्न असा असायला हवा की असं औषध मॅरोतल्या आणि आवरणाखालच्या त्या सुरुवातीच्या पेशींमधल्याच अल्फाला जागं करेल आणि गर्भाशय, स्तन यांना हात लावणार नाही. ते अवघड आहे, कारण रिसेप्टर सगळीकडे सारखाच असतो, वेगळी असतात ती त्याच्यासोबत काम करणारी मदतनीस प्रथिनं, आणि ती टप्प्याटप्प्याने बदलतात. स्टेम सेलमध्ये कुठली, अर्धवट तयार पेशीत कुठली, हे नीट मांडल्याशिवाय औषध त्या पेशीपुरतं ठेवता येणार नाही.

पेशंटबद्दल एक राहिलं. १९९७ मध्ये त्याच्या हृदयाची तपासणी छापून आली, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम साचायला सुरुवात झालेली होती. हाडांतून हिशोब तोट्यात आणि रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम जमा, तेही तिशीच्या पुरुषात. हाडांसाठी म्हणून तपासायला घेतलेला रिसेप्टर हृदयाकडेही बघायला लावणार हे त्या टीमला तेव्हा कळलं, आणि पुरुषांमधल्या इस्ट्रोजेनवर जे काम नंतर उभं राहिलं त्यात हाडांच्या जोडीला रक्तवाहिन्याही आल्या त्या इथून.